वरची एक ओळ

आमच्या विभागप्रमुख सरांनी काल जे केलं ते मला मुळीच पटलेलं नाही, आणि न पटलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. माझ्या पोटात साधा कागद अडकला तरी मी खडखडून सगळ्या मजल्याला सांगते. सर मात्र काल काम उरकून शीळ घालत घरी गेले. शीळ!

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ही एवढी फणकारणारी कोण? मी विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातली झेरॉक्स मशीन. वयानं जुनी, वजनानं भारी. मला तिसऱ्या मजल्यावर चौघांनी चढवलं आणि त्यातल्या दोघांनी तिथंच कंबर धरली. तेव्हापासून तीन विभागप्रमुख निवृत्त झाले, मी नाही झाले. शिक्षण म्हणाल तर माझं यथातथाच. रोज पानंच्या पानं डोळ्याखालून जातात, पण मोठाल्या शब्दांशी माझं जमत नाही. मला विद्या एकच येते. काचेवर जे पालथं घालाल ते जसंच्या तसं दुसऱ्या बाजूनं बाहेर. कुलगुरूंचं पत्र असो की शिपायाच्या रजेचा अर्ज, मी कुणाला जास्त ठळक केलं नाही आणि कुणाला फिकं केलं नाही. याचा मला गर्व आहे. असू दे की!

एके काळी परीक्षा जवळ आल्या की माझ्यापुढं रांग लागायची. "ही आहे म्हणून विभाग चालतो," असं मोठमोठी माणसं म्हणायची. मग ऑफिसात एक नवी, चपटी, न बोलणारी मशीन आली आणि मला उचलून मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी लावलं. माझ्यावर धूळ बसली. कोणी ती बोटानं पुसून त्यात स्वतःचं नाव लिहून जाई, तेवढीच माझी विचारपूस.

दोन वर्षांपूर्वी त्या खोलीत एक मुलगी आली. सरांच्या हाताखाली संशोधन करणारी. पाकिटांचे गठ्ठे छातीशी धरून यायची म्हणून शिपाई मामांनी तिचं नाव पाडलं पाकीटवाली. ती मुसलमान, आणि अभ्यासाचा विषयही तोच: मुसलमान म्हणून माणसाला नोकरी नाकारतात का, आणि नाकारत असतील तर ते दाखवायचं कसं?

पद्धत साधी होती. कारकुनाची जागा निघाली की तिथं दोन अर्ज टाकायचे. दोन्हींत तेच गुण, टायपिंगचा तोच वेग, तोच तीन वर्षांचा अनुभव. फक्त वरची एक ओळ वेगळी. एका अर्जावर मुसलमान मुलीचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्या कुणाचं. दोन्ही मुली खोट्या, बाकी सगळं सारखं. अशा साठ कचेऱ्या.

सारखं म्हणजे किती सारखं! एका अर्जावर माझ्याकडून शाईचा ठिपका पडला तर ती दोन्ही अर्ज फाडायची. म्हणायची, "उद्या कुणी म्हणायला नको, त्या ठिपक्यामुळं नाकारलं." मला राग यायचा, पण मनातून आवडायचीही. माझ्याच जातीची, काटेकोर होती ती.

मामा चहा घेऊन आले की चेष्टा करायचे. "काय गं पाकीटवाले, एवढ्या नोकऱ्या मागतेस, एखादी स्वतःसाठी माग की!"

"मागितली असती मामा, पण उत्तर आत्ताच माहीत झालं तर अभ्यासाला काय उरेल?"

दोघंही हसायचे. मामा जरा उशिरा हसायचे.

मित्रांनो, मी अडाणी. मला वाटलं, एकसारखं गेलं म्हणजे एकसारखंच परत येणार. एका नावाला बत्तीस ठिकाणांहून बोलावणं आलं. मुसलमान नावाला सात. एका कचेरीनं तर दोघींना एकाच तारखेला, एकाच सहीनं कळवलं. एकीला, "सोमवारी अकरा वाजता मुलाखतीस यावे." दुसरीला, "जागा भरली आहे." पाकीटवालीनं दोन्ही पत्रं माझ्या काचेवर शेजारी शेजारी ठेवली. मी उजेड फिरवला आणि मला खरंच वाटलं, माझंच अर्धं पान बिघडलं. तिनं दोन्ही पत्रं उचलून तारीख आणि सही पुन्हा ताडून पाहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काही नाही अम्मी, आवाज ठीक आहे माझा. झेरॉक्स काढतेय. हो, जेवले."

जेवली नव्हती.

सरांनी ते आकडे सभागृहात वाचून दाखवले. त्यांचा आवाज कापला म्हणे, लोक उभे राहिले म्हणे. मामांनी येऊन सांगितलं तेव्हा मलाही भरून आलं. माणूस आहे, म्हटलं.

आणि मग काल. अहवाल छापायला जायचा होता. पाकीटवालीला एका कॉलेजात व्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, मुदत संध्याकाळी पाचची. सोबत स्वतःच्या नावाचं काम जोडायचं, आणि तिच्यापाशी हे एकच काम. ऑफिसातली नवी मशीन बंद होती, म्हणून सरांनी पहिलं पान माझ्या काचेवर ठेवलं. तिनं वाकून पाहिलं.

"सर, एक नाव राहिलंय."

"राहिलं नाही, काढलंय. रागावू नकोस. तुझं नाव दिसलं की लोक पहिल्याच पानावर म्हणतील, आपल्याच माणसांचं रडगाणं गातेय. तुझ्याच कामाचं वजन जाईल. आभारात चार ओळी लिहिल्यात की तुझ्यावर."

"आणि माझा अर्ज, सर?"

"पुढच्या वर्षी निघतील जागा. मी आहे ना."

"अर्ज मी लिहिले, पाकिटं मी टाकली, उत्तरं मी वाचली..."

"कोण नाही म्हणतंय? पण विषयाचं भलं बघ जरा."

मामा दारात चहा घेऊन उभे होते. म्हणाले, "सर, तुमचं नाव बघून नाही का कुणी काही म्हणणार?"

"माझ्या नावाला कुणी हरकत घेत नाही, मामा."

"तेच म्हणतोय मी."

"चहा ठेवा आणि जा."

पाकीटवाली रडली नाही, भांडली नाही. "बरं, सर," म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. तिच्या चपलांचा आवाज मला तीन मजले ऐकू येत होता. सरांनी चाळीस हा आकडा दाबला.

मित्रांनो, खरं सांगते. मला अडता आलं असतं. एरवी दमट कागदालासुद्धा अडते मी. पण चाळीस प्रती काढल्या, एकसारख्या, स्वच्छ, त्या एका नावाच्या. जे काचेवर, तेच बाहेर. जन्मभर ज्याचा तोरा मिरवला, त्याची काल पहिल्यांदा लाज वाटली.

आजवर मी तुम्हा लोकांकडं एवढंच मागितलं की काच पुसा आणि मी तापले तर थोडं थांबा. आज आणखी मागते. कुणाचं काम तुमच्या हातात आलं, तर ते कुणाचं आहे हे विचारल्याशिवाय पुढं सरकवू नका. मी सरकवलं.

आज सकाळी सर पुन्हा आले. आणखी दहा प्रती हव्या होत्या. त्यांनी झाकण उचललं, तेव्हा मी मोठ्यानं बोलले. त्यांना नुसती खडखड ऐकू आली असेल, पण मी बोलले:

"सर, त्या कचेऱ्यांनी नाव पाहिलं आणि पाकीट बाजूला टाकलं. वाईटच केलं. पण त्यांनी तिला दोन वर्षं राबवून घेतलं नव्हतं. तुम्ही आधी राबवलंत आणि मग नाव पाहिलंत. त्यांच्याहून तुम्ही हलके निघालात."