कोपऱ्यातलं लेकरू

खिडकीच्या गजांना हिरवा रंग होता. त्यातल्या मधल्या एका गजावर, मोठ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला, तो घासून पार लोखंड उघडं पडलं होतं. बाकीचे गज धड होते.

"गंज चढला असन," उकंडराव म्हणाले आणि कपाळ पुन्हा तिथंच टेकवलं.

नात धम्मदीपा शेलूबाजारच्या या बालवाडीत यायला लागली, तेव्हापासून ही त्यांची रोजची जागा. पहिल्या दिवशी दीपी खिडकीखालच्या कोपऱ्यात बसून रडली होती. आजही तिथं पिवळ्या एप्रनमधलं लेकरू हमसून हमसून रडत होतं. एप्रन सगळ्यांचेच पिवळे. पण आपलं लेकरू माणसाला कळतंच. उकंडरावांच्या जिवाचं पाणी होई, आणि थोडं बरंही वाटे.

बरं वाटायला कारण होतं. मुलगा विनोद कधीचा मागं लागला होता, वाशीमला चला, मोतीबिंदू काढून टाकू. उकंडरावांची उभी हयात बाजारात मापारी म्हणून धान्य मोजण्यात गेली. चढ्या आवाजाच्या व्यापाऱ्याला ते कधी भ्याले नाहीत. पण डोळ्याला हत्यार लावून घ्यायची मात्र त्यांना भीती वाटे. हे सांगणार कुणाला? मग दीपीच कामी आली. "पोरगी दिवसभर रडून राह्यली बाप्पा. तिले सोडून मी दवाखान्यात कसा झोपू?" की विनोद तारीख पुढं ढकले.

आत तहसीन मॅडम लेकरांना टबातलं पाणी मगानं बाटलीत ओतायला देत होत्या.

"मॅडम, हे शाया हाय का मोरी?" उकंडरावांनी खिडकीतून विचारलं. "पाणी सांडाले त्यायले घरीबी येते."

"सांडायला येतं बाबा, न सांडायला येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी डोळा बाटलीचं तोंड धरतो, मग हात त्याच्या मागं जातो. पेन्सिल त्यानंतर."

"अन् माही दीपी? थे रडून राह्यली, तिच्याकडं कोनी पाह्यत नाही!"

मदतनीस रंगूबाई फडकं पिळता पिळता थांबली. "दीपी कुठं रडते भाऊ?"

"मंग मी खोटा बोलून राह्यलो का?"

कोपऱ्यातला सूर चढला, तसे उकंडराव चपलांसकट आत शिरले. लेकराला उचलून खांद्याशी धरलं. "चाल वो माय, घरी चाल. आबा आला ना!" लेकरानं मागं वाकून अशी किंकाळी फोडली की टबाभोवतीच्या लेकरांच्या हातातले मग हवेतच थांबले.

टबाजवळून शांत आवाज आला, "आबा, थो शादाब हाय."

उकंडरावांनी लेकरू नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आणलं. लेकरानं त्यांची मिशी धरली. ती दीपी नव्हती, एवढं मात्र दिसलं.

"म्हंजे मी इतके दिवस..."

"शादाबले पाहून रडत होते तुमी!" रंगूबाईला हसू आवरेना. "त्याची अम्मी इचारे, थो म्हातारा कोन हाय, माह्या पोराकडं पाहून डोये पुसते?"

"तोंडाले पदर लाव रंगू!" उकंडराव दाराकडं बघून कडाडले.

"मी अठी हावो भाऊ, तुमच्या मांगं. थो पडदा हाय."

दीपी भरलेला मग घेऊन आली, न सांडता. शादाबच्या पाठीवर मॅडमसारखं थोपटत म्हणाली, "अम्मी काम करून येते. तू ओत." शादाबनं हुंदका गिळून बाटली धरली. मग तिनं आजोबांच्या गुडघ्यावर तसंच थोपटलं. "आबा, तू घरी जाय. मी येतो."

उकंडराव लेकरांच्या खुर्चीवर बसले. गुडघे छातीला लागले.

"दीपी कवापासून बसते नीट?"

"दुसऱ्या आठवड्यापासून," तहसीन मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हालाच करमत नाही म्हणून येता."

टबाभोवती पिवळे ठिपके हलत होते. त्यातला एक त्यांचा होता. डोळे बारीक करकरून त्यांनी तो शोधला, मग सोडून दिलं. खिशातला फोन काढून मॅडमपुढं धरला.

"विनोदले लावून देता का? मले आकडे दिसत नाही."

फोन लागला. "काय झालं बाबा? दीपी लय रडून राह्यली का?"

"नाही. थे मजेत हाय." उकंडराव खुर्चीतून उठले. "भेव मले वाटे. घे वाशीमची तारीख, इनोद. डोये करून टाकू."