मधुमतीबाईंची टीम

मित्रांनो, मी एक जुना स्पीकरफोन आहे. माझा रंग उडाला आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. एकाच वेळी चार माणसांना बोलू देण्यासाठी माझा जन्म झाला. ती चार माणसं एकमेकांचं ऐकत नसतील, तर मात्र माझा काहीच इलाज चालत नाही. आयुष्यभर मला त्याचीच चीड येत राहिली.

२००६ साली डॉक्टर मधुमतीबाईंनी मला इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या घरी आणलं. हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या डोक्यात एक नवा उद्योग होता. घर गहाण ठेवून घेतलेली, पण हप्ते थकलेली कर्जं काही कंपन्या कमी भावात विकून मोकळ्या होत. असं एखादं कर्ज बाई विकत घेणार होत्या. मग पुढचे हप्ते त्यांना मिळणार होते.

"कुणाला घराबाहेर काढायचं नाही हं," त्या आपल्या यजमानांना, शशीरावांना म्हणाल्या. "झेपेल तेवढा हप्ता ठरवून द्यायचा. पण हे एकटीचं काम नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये असते तशी टीम हवी."

टीम जमली. मैत्रिणीचा मुलगा जय कॉव्हेंट्रीत सॉलिसिटर, म्हणजे वकील होता. बेसिंगस्टोकचे संजय अकाउंटंट होते. घराची किंमत ठरवायला एक सर्व्हेयर आणि हप्ते गोळा करायला एक एजन्सी मिळाली. सगळे हुशार होते. पण प्रत्येक जण फक्त बाईंशी बोले.

पहिलं कर्ज कॉव्हेंट्रीच्या आर्थरचं होतं. मोटारींचा कारखाना बंद पडून त्याची नोकरी गेली होती.

"मावशी, सर्व्हेयरचा रिपोर्ट आला की मी बघतो," जय म्हणे.

सर्व्हेयर म्हणे, सॉलिसिटरचा निरोप आल्याशिवाय मी आत जाणार नाही. संजय म्हणत, "मधुमतीताई, घराची किंमत कळल्याशिवाय मी काय सांगू?"

मग होल्डवरचं संगीत. ते वाजवून वाजवून मी अगदी विटलो होतो. बाई तर कपाळ धरून बसत.

अखेर कर्ज बाईंच्या नावावर झालं. त्यांनी स्वतः आर्थरशी बोलून हप्ता निम्म्यावर आणला आणि जय आणि संजय दोघांनाही तसं कळवलं. एजन्सीला संजय सांगतील असं जयला वाटलं. हे कायद्याचं काम, जयच सांगेल, असं संजयना वाटलं.

एका सकाळी आर्थरचा फोन आला.

"डॉक्टर, तुम्ही शब्द दिला होतात. तुमची माणसं पूर्ण हप्ता मागत माझ्या दारात उभी आहेत. सगळी गल्ली बघतेय. माझी बायको बाथरूममध्ये कडी लावून बसलीय."

एजन्सीला फोन करून बाईंनी आधी ती माणसं परत बोलावली. मग जय, संजय आणि एजन्सीचा माणूस अशा तिघांनाही एकाच लाइनवर घेतलं.

"मावशी, ती जबाबदारी माझी नव्हती," जय म्हणाला.

"म्हणजे माझी होती का?" संजय उसळले.

"आम्हाला कुणी काही कळवलंच नाही," एजन्सीचा माणूस म्हणाला.

तिघांचा आवाज माझ्यातून एकदम फुटू लागला. कुणाचंच धड ऐकू येईना.

"बास!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "पेशंटला हात लावण्याआधी आम्ही एकमेकांना विचारून खात्री करून घ्यायचो. तुम्हाला एकमेकांची नावं तरी माहीत आहेत का?"



त्याच दिवशी बाई आणि शशीराव आर्थरची माफी मागायला कॉव्हेंट्रीला गेले. संध्याकाळी परतल्यावर बाई कोट न काढताच माझ्याशेजारी बसल्या.

"त्यानं सगळं ऐकून घेतलं," त्या म्हणाल्या. "ठरलेला निम्मा हप्ता भरत राहीन म्हणाला. पण आत या म्हणाला नाही."

त्यानंतर बाईंनी दुसरं कर्ज घेतलं नाही. आर्थर मात्र नियमित हप्ते भरत राहिला. माझी वायर निघाली, मी कपाटात गेलो आणि तिथून दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपच्या फळीवर आलो.

मित्रांनो, फोन जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण कुणाच्या घराचा प्रश्न हाती घ्याल, तेव्हा आपल्या माणसांची आधी एकमेकांशी गाठ घालून द्या. नाहीतर मधुमतीबाईंसारखं एखाद्याच्या दाराबाहेर उभं राहून बोलावं लागेल, आणि तिथे माझ्यासारख्याचा काही उपयोग नसतो.