प्रभूच्या माडीवरच्या दोन खोल्या

प्रभूचं पत्र आलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी त्याला उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं, चौदा वेळा लिहिलं, पण टाकलं नाही. पहिलं उत्तर फार लांबलं. दुसऱ्यात मी नुसता स्वतःबद्दलच बोलत होतो. सहाव्यात खाडाखोड झाली, आणि तेच सुवाच्य लिहायला घेतलं तर त्यातला जिव्हाळा निघून गेला. तोवर महिना उलटला होता. आता आधी उशिराबद्दल माफी मागायला हवी होती, आणि माफीचं वाक्य मला साधेना. जसजसा उशीर वाढला, तसतसं ते वाक्यही वाढवावं लागणार होतं.

प्रभूने आणि मी हिंगोलीच्या वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत काढली. तो औंढ्याकडचा, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला. मी तांड्यावरचा. पुढे तो विशाखापट्टणमला बंदरावर कारकून झाला आणि तिथेच घर बांधून राहिला. मी जवळा बाजारच्या वाचनालयात बसलो, तो एकतीस वर्षं बसलो. प्रभूला आता कमी ऐकू येतं. यंत्र लावूनही फोनवरचं बोलणं कळत नाही, आणि मोबाइलवर अक्षरं टोचत बसण्याचा त्याला कंटाळा. म्हणून तो अजून पत्रं लिहितो. शेवटच्या पत्रात होतं:

"माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. बायको गेल्यापासून मला वर जायला कारण उरलं नाही. तू आणि वहिनी इकडे या. पाहुणे म्हणून नाही, राहायला. काम मिळेल असं मी म्हणत नाही. समुद्र आहे."

हे पत्र मी तेव्हा बायकोला, जिवनबाईला, वाचून दाखवलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. मला वाटलं, विसरली.

या दसऱ्याच्या आधी वाचनालयाच्या मंडळाने माझ्या जागी शिला नावाची मुलगी नेमली. तिला कॉम्प्युटर येतो. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी किल्ल्या दिल्या तेव्हा खरं सांगायचं तर हात हलके झाले. चार वाजताच घरी आलो. जिवनबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती.

"आज लवकर?"

"आता रोजच लवकर."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग चला की."

"कुठं?"

"त्या समुद्रावर."

आम्ही घरात गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत बोलतो, इथे मी ते मराठीत उतरवतो आहे. पण ती "समुद्रावर" ज्या सुरात म्हणाली तो सूर मला कुठल्याच भाषेत उतरवता येणार नाही. बाजाराला चला म्हणावं तसं ती म्हणाली, आणि तिचे डोळे मात्र सोळा वर्षांच्या पोरीचे होते.

मी म्हणालो, "अगं, माझं वय सहासष्ट. तिकडं मला कोण काम देणार?"

"काम कोणाला पायजे?" ती म्हणाली. "वीस हंगाम ऊस तोडला मी. कोल्हापूर पाह्यलं, सांगली पाह्यली, कर्नाटक पाह्यलं. काय पाह्यलं? फड पाह्यला. जिथं काम, तिथं गेलो. एकदा मला अशा गावाला जायचंय, जिथं आपल्याला काहीच काम न्हाई."

वीसही हंगाम ती गेली आणि मी वाचनालय सांभाळत गावात राहिलो, हे ती बोलली नाही. मी ऐकलं मात्र.

त्या दिवसापासून आम्हा दोघांना काहीतरी झालं. लग्न ठरलेल्या पोरांसारखे आम्ही कारण नसताना हसायला लागलो. मी नकाशाचं जुनं पुस्तक काढलं. ती बोटाने नांदेडपासून समुद्रापर्यंत रेघ ओढायची आणि दर वेळी बोट समुद्रात बुडवून झटकायची. तेलुगू शिकायला म्हणून मी अक्षरं गिरवायला बसलो. आठ दिवसांत मला अकरा अक्षरं आली. तेवढ्यात तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाणी, मीठ, किती आणि फार महाग एवढं बोलायला घेतलं.

"अवं, आणि तेलंगणात, आंध्रात आपले तांडेच तांडे हायेत," ती म्हणाली. "गाडीतून कुठंबी उतरलं तरी कोणी ना कोणी आपल्या बोलीतलं भेटल. तुमी अक्षरं गिरवा निवांत."

आमचा मुलगा जगन शेती पाहतो. त्याने हे सगळं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी जेवताना आईला म्हणाला, "याडी, बिनकामाचं कोणी गाव सोडतं का?"

"न्हाई सोडत. म्हणून तर."

"बा, तुमी तरी समजवा."

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. समजवायला गेलो तर मीच तिच्या बाजूने बोलेन, अशी मला भीती वाटत होती.

"खाणार काय तिकडं?"

"तू जवारी पाठवशील, ते खाऊ," जिवनबाई म्हणाली. "आमचा हिस्सा हायेच त्यात, शेत अजून तुझ्या बाच्याच नावावर हाय." जगनला हसू आलं आणि ते लपवायला तो पाणी प्यायला.

मग गोष्ट तांड्यात पसरली. तांड्याचे नाईक अमरसिंग घरी आले. गेली पंधरा वर्षं ते ऊसतोडीची टोळी नेतात, आणि घर हलवणं ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही असं सगळेच मानतात. तेही मानतात. ते बाजेवर बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली.

"मुकादम कोण?"

"मुकादम नाही. दोस्ताकडं चाललोय."

"बोलावणं हाय का त्याचं?"

"आहे. पत्र आहे."

"बास. मंग झालं." त्यांनी मांडीवर हात मारला. "जागा?"

"दोन खोल्या. माडीवर."

"पाणी कुठून भरायचं?"

"नळ असेल."

"असेल म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रूपसिंग, तू येवढी पुस्तकं वाचली, पाण्याचं इचारलं न्हाई?"

आणि मग आमचं सामान बांधायला निम्मा तांडा आला. टोळी दिवाळीनंतर निघणार होती, बायकांचे हात तसेही बांधाबांध करतच होते. त्यांनी आमचंही त्याच हाताने बांधलं. ताडपत्री गुंडाळली. खोपीचे आठ बांबू सुतळीने आवळले. तीन दगडांची चूल नको म्हणून लोखंडी चूल दिली, वर गोवऱ्यांचं पोतं. खुराड्यात चार कोंबड्या.

"माडीवर खोप घालायची नाहीये," मी म्हणालो. मी हे हळूच म्हणालो, कारण सगळ्या मनापासून काम करत होत्या.

"घालायची न्हाई, पर ठेवायला काय जातं?" संगिता म्हणाली. ती अमरसिंगांची सून, टोळीतलं सामान तीच लावते. "मागल्या साली कारखान्यावर म्हनले पत्रे हायेत. गेल्यावर पाह्यलं तर पत्रे व्हते, खाली खांबच न्हाईत."

"रेल्वेत बांबू घेत नाहीत, सूनबाई."

"काका, तुमी कधी नेले का?"

"नाही."

"मंग?"

जिवनबाई हसून हसून खाली बसली. बांबूंची मोळी तिनेच मागून उचलली आणि जगनच्या खोलीला टेकवली, आणि डोळ्यांनीच मला सांगितलं, राहू द्या, निघताना पाहू. मला इतका आनंद झाला होता की मी एक कोंबडी हातात धरून उगाच अंगणभर फिरलो.

नाईकांनी दिवस ठरवला. दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार. टोळीचा ट्रक त्या दिवशी सुटणार, त्याआधी टेम्पो आम्हाला नांदेडला सोडणार. नाईकांनी एकदा चावडीवर सांगितलं, की मग तो दिवस हलत नाही. जिवनबाईने त्या संध्याकाळी घरोघर जाऊन निरोप घ्यायला सुरुवातही केली.

पत्राला उत्तर गेलेलं नाही हे तांड्यात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आमच्यात बोलावण्याला उत्तर देत नाहीत. बोलावणं आलं की माणूस उठतो आणि जातो, पोचला की तेच उत्तर. एकटा मीच पुस्तकं वाचलेला. पत्राला पत्र लागतं हे मला ठाऊक होतं, आणि मीच गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिवनबाई गोधडीला ठिगळ लावत होती. सुई ओवता ओवता म्हणाली, "प्रभूभाऊ ठेसनावर येतील ना?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"काय लिवलं त्यांनी? येतो म्हनले का?"

"काही लिहिलं नाही."

"काहून?"

"मी त्याला लिहिलं नाही. तेव्हाच्या पत्राला उत्तरच दिलं नाही."

तिने सुई गोधडीत खोचली. "दोन वर्ष?"

मी पेटीतून चौदाही कागद काढून तिच्यापुढे ठेवले. मला वाटत होतं त्याने काही सिद्ध होईल. ती म्हणाली, "वाचा." मी वाचायला लागलो. चौथ्यात मी लिहिलं होतं, तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा आपलं भांडण होण्याचा धोका नाही. ती फिसकन हसली, आणि हसणं मध्येच थांबलं.

"खोल्या दिल्या असतील कोणाला तर?"

"असतील."

"मी साऱ्या तांड्याला सांगून बसले."

गोधडीवरचा तिचा हात तसाच होता. वीस हंगामांनंतर तिने स्वतःसाठी एक गाव मागितलं होतं, आणि ते गाव माझ्या पेटीत घडी घालून पडलं होतं.

मग ती म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय का, त्यो काय समजून बसला असंल? रूपसिंगला राग आला. पाहुणे न्हाई, राहायला या म्हनलो, ते त्याला लागलं. दोन वर्ष त्यो माणूस तसाच बसला असंल."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. चौदा वेळा मी माझं पत्र कसं दिसेल याचाच विचार केला होता. पत्राच्या त्या टोकाला कुणी बसलेला आहे, रोज टपालवाल्याकडे पाहतो आहे, हे मनात आलं नाही. एकतीस वर्षं मी इतरांना काय हवं ते ओळखून पुस्तकं निवडून देत होतो.

"कागद घ्या," ती म्हणाली.

"माफीचं कसं लिहू?"

"एकच ओळ. लांबवू नका."

ती समोर बसून राहिली, म्हणून मी खोडलं नाही. लिहिलं ते असं:

"प्रभू, तुझं पत्र मिळालं होतं. उत्तराला दोन वर्षं लावली, चूक माझी. राग नव्हता, भीती होती. आम्ही दोघं दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी नांदेडहून निघतो, मंगळवारी तुझ्याकडे पोचतो. खोल्या कुणाला दिल्या असतील तर तसं लिही, आम्ही जवळ कुठं जागा पाहू. यायचं ठरलं आहे. मला काम नाही आणि जिवनबाईला काम नको आहे. तू बोलावलंस याचा मला फार आनंद झाला होता, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तुझा, रूपसिंग."

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाण्याचं इचारा." मी खाली लिहिलं: नळाला पाणी रोज येतं का?

आम्ही लगेच निघालो. रस्त्यावर भरलेली जीप थांबली, तीत मागे गुडघ्याला गुडघे लावून बसलो. जवळा बाजारला आठवडी बाजार होता. कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत टपाल कार्यालयात गेलो. जिवनबाई दाराशीच थांबली. म्हणाली, "तुमीच जा."

खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी पाकीट घेतलं, उलटंपालटं केलं. "स्पीड पोस्ट?"

"हो. जे सगळ्यात लवकर जाईल ते."

"विशाखापट्टणम." त्यांनी पिनकोड वाचला, वजन केलं, चिकटपट्टी लावली. "लई लांब की, काका. कोण राहतं?"

"आम्ही राहणार आहोत," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने वळून पाहिलं.

बाईंनी पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. त्याच्यावर लगेच दुसरं पडलं. मला वाटलं, तिसऱ्या ओळीत एक शब्द बदलायला हवा होता. मी खिडकीशी तसाच उभा राहिलो.

"काका, काही राह्यलं का?"

"नाही," मी म्हणालो आणि पावती घेऊन बाहेर आलो.