जुना मजकूर राहत नाही

चाळिशीला टेकली तरी घरात तिला छकुलीच म्हणत. ऑफिसात मात्र तिला कुणी छकुली म्हणायला धजावलं नसतं. नोंदी ठेवायचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत ती एआय सहाय्यकासाठी वर्णनं लिहायची. आपण त्याच्याशी बोललो की तो हाताशी असलेल्या साधनांपैकी एक निवडतो: नोंद शोधायचं, नोंद उघडायचं, नोंदीत लिहायचं. कुठलं साधन काय करतं, हे त्याला छकुलीच्या ओळी वाचूनच कळायचं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई दादाकडेच राहायची, त्यामुळे सगळं वहिनीवर पडलं. वहिनी वकील, तिने कामं कमी करून घेतली. छकुलीने दोघींसाठी आपल्याच ॲपमध्ये एक सामायिक नोंद केली. दिवसभर आईने काय खाल्लं, किती चालली, कुठे दुखलं, ते वहिनीने टाइप करायचं. ऑफिसातून येताना छकुली आईकडे डोकावायची आणि घरी जाता जाता फोनवरच्या सहाय्यकाला सांगून आपली एक ओळ घालायची.

पण नंतर नोंद उघडली की तिला फक्त स्वतःचीच ओळ दिसायची.

"वहिनी, आज काही लिहिलं नाहीत?"

"लिहिलं की. सकाळीच."

छकुलीच्या मनात पाल चुकचुकली. लिहिलं असेल, तर गेलं कुठे? की लिहून पुसतात? आईच्या दंडावर काळानिळा डाग होता. विचारलं तर आई म्हणाली, "कुठेतरी लागलं असेल गं." मग छकुली वहिनीच्या प्रत्येक वाक्याचा वास घेऊ लागली. वहिनी हसली तरी तिला ते हसणं बेतलेलं वाटे. शेवटी तिने दादाला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी आईशी नीट वागतात ना रे?"

दादाच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी वहिनीनेच दार उघडलं आणि तिला आत घेण्याआधी विचारलं, "माझ्या पाठीमागे चौकशी चाललीय म्हणे?"

"तुम्ही लिहिलेलं गायब का होतं, एवढंच—"

"ते मी तुला विचारायचं! तू येऊन गेलीस की माझं लिहिलेलं जातं. ॲप तुमचं. आईंच्या दंडाला पलंगाचा कठडा लागला, तेही मी लिहिलं होतं. तुला मी इथे काहीच करत नाही असं दाखवायचं होतं का?"

हा संशय आपल्यावरही येऊ शकतो, हे छकुलीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चला, समोरासमोर बघू," ती म्हणाली.

दोघी आईच्या पलंगाशी बसल्या. नोंद उघडली. वहिनीचा सकाळचा मजकूर जागेवर होता: चार घास जास्त, दारापर्यंत चालल्या, कुबडीचं रबर बदलायला हवं. वहिनीने आपला फोन लांब टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली. छकुली सहाय्यकाला म्हणाली, "आईच्या नोंदीत लिही, आज चेहरा टवटवीत आहे."

'नोंद अद्ययावत केली,' असं उत्तर आलं.

नोंदीत एकच ओळ उरली होती. आईचा चेहरा टवटवीत. बाकी सगळं साफ.

आई म्हणाली, "काय झालं? दोघी अशा काय बघताय?"

छकुलीने तिथेच लॅपटॉप उघडला. नोंदीत लिहिण्याची दोन साधनं होती. एक मजकूर शेवटी जोडायचं, दुसरं सगळा मजकूर बदलून टाकायचं. एकापुढे तिने लिहिलं होतं, 'नोंदीत मजकूर घालते'. दुसऱ्यापुढे, 'नोंद नव्या मजकुराने अद्ययावत करते'. सहाय्यकाने दुसरं उचललं होतं.

वहिनी खांद्यावरून वाचत होती. "असं कलम मसुद्यात आलं असतं, तर मी परत पाठवलं असतं. अद्ययावत म्हणजे नक्की काय? जुनं राहतं की जातं?"

"जातं."

"मग तसं लिही ना."

छकुलीने लिहिलं: 'नोंदीतला जुना सगळा मजकूर काढून टाकते आणि त्या जागी नवा ठेवते. जुना मजकूर राहत नाही. नुसती भर घालायची असेल तर हे वापरू नये, शेवटी जोडण्याचं साधन वापरावं.' मग तिने ऑफिसात फोन लावला. आणखी कितीजणांच्या नोंदी गेल्या असतील, हे तिने आधी विचारलं. आधीच्या प्रती सर्व्हरवर आहेत, परत आणता येतील, असं कळल्यावर ती फोन ठेवून वहिनीकडे वळली.

"वहिनी, चुकलंच माझं. नुसत्या वर्णनात नाही."

वहिनीने आईची उशी सरळ केली.

"नोंदी परत आल्या की आधी सगळ्या वाच," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी दादाला नाही, मला विचार. मला राग येईल, पण मला विचार."

नवं वर्णन लागू झाल्यावर दोघींनी पुन्हा करून पाहिलं. छकुलीची ओळ वहिनीच्या मजकुराखाली नीट येऊन बसली. तरी वहिनीने आपल्या फोनवर नोंद उघडून खात्री केली, आणि पुढे बरेच दिवस, छकुली बोलली की वहिनी आपला फोन काढून बघायचीच. छकुलीने त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही.