मास्कखालचा चष्मा

वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि ती हाक ऐकली की त्याच्या अंगावर अजूनही मूठभर मांस चढायचं. सांधा असा मारायचा की वरून बोट फिरवलं तरी कुठे अडू नये. आपल्या हाताचं कौतुक तो स्वतःच इतकं करायचा की दुसऱ्यांना त्यात फारसा वाव उरत नसे. जिभेलाही हाड नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर वेल्डरला चष्मा लागला आणि मालकाने त्याचं वेल्डिंग काढून त्याला ग्राइंडरवर लोखंड घासायला बसवलं, तेव्हा 'भिंगकाका' हे त्या बिचाऱ्याचं बारसं उस्तादनेच केलं होतं. भिंगकाका हसले होते. दुसरं काय करणार?

आता उस्तादलाच दिसेनासं झालं. लांबचं उत्तम दिसायचं; रस्त्यापलीकडच्या पाट्या तो धडाधड वाचायचा. पण मास्क खाली ओढला की काळ्या काचेतून रॉडचं टोक, वितळलेलं लोखंड आणि दोन पट्ट्यांमधली फट, सगळ्याचा मिळून नुसता उजळ गोळा व्हायचा. फट कुठे आहे हे तो अंदाजाने ठरवू लागला. एकदा जिन्याच्या कठड्याचा सांधा फट सोडून बाजूनेच निघून गेला. कुणी पाहायच्या आत त्याने तो घासून पुन्हा मारला, पण त्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली असताना त्याने तिचा जवळचा चष्मा सहज डोळ्यांवर चढवून पाहिला. तळहाताच्या रेषा लख्ख दिसल्या. तो तसाच खिशात घालून कामावर नेला, भिंतीकडे तोंड करून लावला आणि वरून मास्क ओढला. फट सुरीने कापल्यासारखी समोर आली. मास्कच्या आत काय आहे हे बघायला कोण येतंय?

दुकानात जाऊन स्वतःचा चष्मा करून घेता आला असता. पण त्यासाठी खुर्चीत बसून समोरची अक्षरं वाचावी लागली असती, आणि 'जवळचं दिसत नाही' हे आपल्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. ते त्याच्या अगदी जिवावर आलं. त्यामानाने चोरी सोपी वाटली. सकाळी चष्मा न्यायचा, संध्याकाळी गुपचूप कुठेतरी ठेवून द्यायचा.

बायको दिवसभर घर पालथं घालायची. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची आणि चष्म्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नसे. संध्याकाळी चष्मा टेबलावर सापडला की ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहायची.

"अहो, इथे मी सकाळी पाहिलं होतं," ती म्हणायची.

"नीट पाहिलं नसशील," असं साळसूदपणे म्हणून उस्ताद चहा ढवळत बसायचा.

एका संध्याकाळी तो चष्मा ठेवायला स्वयंपाकघरात शिरला आणि मागून तिची पावलं वाजली. घाबरून त्याने फ्रिज उघडला, चष्मा लोण्याच्या डब्यामागे सरकवला आणि पाण्याची बाटली काढली. नंतर काढू असं मनाशी म्हणाला आणि साफ विसरला.

सकाळी फ्रिजमधून दूध काढताना चष्मा तिला सापडला. ती ओरडली नाही. गार चष्मा हातात धरून, फ्रिजचं दार तसंच उघडं ठेवून उभी राहिली. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. चपला कपाटात, किल्ल्या पिठाच्या डब्यात. आणि शेवटी पोटच्या लेकीला ती 'आपण कोण?' म्हणून विचारायची. हे दारात उभ्या उस्तादला ठाऊक होतं. सांगून टाकावं असं ओठांवर आलं. तेवढ्यात तिने चष्मा पुसून कपाटावर ठेवला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, आजही नेता येईल. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की त्याने आरशात न बघताच भांग पाडला. चष्मा मात्र नेला.

त्यांची मुलगी नोकरीवर जाताना आपल्या छोटीला आजीकडे सोडायची. सुट्टीच्या दिवशी ती छोटीला घेऊन भेटायला आली, तेव्हा बायको म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून हिला माझ्याकडे ठेवू नकोस. पाळणाघर बघ."

"का गं आई?"

"माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. उद्या गॅस चालू ठेवून बाहेर गेले तर काय करशील?"

मुलीने छोटीला उचलून कडेवर घेतलं, जरा जास्तच घट्ट. उस्तादला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी गेल्यावर त्याने जमिनीकडे बघत बायकोला सगळं सांगितलं. आपले डोळे, मास्क, फ्रिज, काही लपवून ठेवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"माझं मन राखायला तुम्ही एवढं खोटं बोलाल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "अहो, पलीकडच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळतात ते इथून सांगता तुम्ही. तुमच्या डोळ्यांना काय झालंय? चांगले आहात तुम्ही. पण माझी समजूत नका काढू."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला तोंडावर चांगलं म्हटलं ते आज, आणि ते यासाठी. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तिला वर्कशॉपमध्ये घेऊन आला. मालक, भिंगकाका, बाकीचे कामगार डबे उघडून बसले होते. उस्तादने सगळ्यांच्या देखत लोखंडाच्या पट्ट्या जोडून टेबलावर ठेवल्या. "तिकडे तोंड कर. उजेडाकडे बघू नकोस," त्याने बायकोला सांगितलं, मास्क ओढला आणि चष्म्याशिवाय एक सांधा मारला. मग मास्क वर केला, तिच्यापुढे हात पसरून चष्मा मागून घेतला आणि तिथेच, सगळे बघत असताना, डोळ्यांवर लावला. शेजारी दुसरा सांधा मारला. त्याची कानशिलं तापली होती.

लोखंड निवाल्यावर त्याने वरची खपली ठोकून काढली. पहिला सांधा फटीवर सुरू होऊन भलतीकडेच भरकटला होता. दुसरा सरळ होता. मालकाचा घास हातातच राहिला. भिंगकाकांनी जवळ येऊन दोन्ही पाहिले. आज त्यांना हवं ते बोलायची मुभा होती. ते काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले, आणि तेच उस्तादला जास्त लागलं.

बायकोने त्याच्याकडून चष्मा घेतला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर लावून वाकून बघितलं.

"आणि फ्रिजमध्ये?" तिने विचारलं.

"मीच ठेवला होता."

"टेबलावर? कपाटात?"

"सगळं मीच गं."

ती सरळ उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"रोज भांडी घासताना मी सगळ्यांची नावं मनात म्हणते," ती म्हणाली. "विसरू नयेत म्हणून. लेकीचं, नातीचं. पण सुरुवात तुमच्यापासून करते."