नावाआधीची रेघ

फोटो हरवल्याचं दादाने सांगितलं तेव्हा मी आधी त्यालाच धारेवर धरलं. धाकट्या बहिणीचा तो हक्कच आहे.

"नाव नीट टाकलं होतंस का?"

"नीटच टाकलं गं. कॉम्प्युटर 'झालं' म्हणाला."

दादाचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्यासाठी मी नुकताच पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलाय; हे त्यावरचं पहिलंच काम. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, की 'फोटो' या फोल्डरच्या आत त्या नावाचं नवं फोल्डर तयार होतं, कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो त्यात जातात आणि कार्ड पुसलं जातं. कार्ड पुसण्याची अक्कल माझीच.

फोटो होते नर्समावशीचे. पस्तीस वर्षं तिने आमच्या भागातली बाळंतपणं केली. आता ती मुलाकडे राहायला चालली होती, कायमची. तिच्या हातून जन्मलेले चाळीसेक जण रविवारी स्टुडिओत दाटीवाटीने उभे राहिले होते. अर्धे त्याच दिवशी परगावी परतले. मावशीची गाडी आज चारची, आणि बारा वाजून गेले होते. मी 'फोटो' फोल्डर पालथं घातलं. मावशीच्या नावाचं काहीच नाही.

"माझ्यासमोर टाक बरं नाव," मी म्हटलं.

दादाने एका बोटाने आधी तिरकी रेघ टाकली, मग नाव.

"ही रेघ कशाला?"

"कशाला म्हणजे? काम हातात घेतलं की नावाआधी रेघ मारायची, फोटो दिले की तिच्यावर दुसरी मारून फुली करायची. वहीत वर्षानुवर्षं हेच करतोय."

मी कपाळावर हात मारला. सुरुवातीलाच तिरकी रेघ असली की पायथन तो पत्ता थेट डिस्कच्या मुळापासून धरतो. माझा 'फोटो'चा पत्ता त्याने खुशाल सोडून दिला आणि फोल्डर भलतीकडेच बनवलं, तेही विनातक्रार. टाकलेलं नाव मी तपासतच नव्हते. चूक माझी होती, आणि हे दादासमोर कबूल करणं मला फार जड गेलं.

डिस्क मुळापासून उघडली. फोल्डर तिथेच होतं, सगळे फोटो जागच्या जागी. मग नावाआधीच्या रेघा काढून टाकायला आणि पत्ता 'फोटो'च्या बाहेर जात असेल तर थांबून विचारायला प्रोग्रामला शिकवलं.

दोनला मावशी आली. चष्मा लावून तिने फोटोतला एकेक चेहरा बोटाने मोजला.

"एक कमी आहे."

"कोण गं?" मी विचारलं.

"तू."

रविवारी मी आतल्या खोलीत हाच प्रोग्राम ठाकठीक करत बसले होते. दादाने तीनदा हाक मारली, आणि 'आले, आले' म्हणत मी उठलेच नाही. मला एकदम रडू आलं.

दादाने कॅमेरा उचलला. मावशीने मला शेजारी ओढलं.

"पूस डोळे. जन्मतानासुद्धा अशीच उशिरा आलीस. तुझ्या आईला नि मला अख्खी दुपार ताटकळत ठेवलं होतंस."