माग थांबले तेव्हा

मित्रांनो, अंगातल्या शर्टाचं कापड एकदा डोळ्यांजवळ धरून बघा. उभे धागे दिसतील, आडवे दिसतील. तो आडवा धागा घेऊन कुणीतरी इकडून तिकडं पळालेलं असतं. तो मी. मी यंत्रमागाचा धोटा. आता जुना झालोय, टोकं झिजलीत, तरी आठवण शाबूत आहे.

माझा आकार होडीसारखा. अंग कठीण लाकडाचं, दोन्ही टोकं पोलादी, पोटात सुताची कांडी. कुशीला एक बारीक भोक आहे, सुईला नेढं असतं तसं. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत त्या भोकातून बाहेर काढायचं. कसं? विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत सुर्रकन बाहेर येतं. त्याच्याबरोबर कापसाची पूड विणकराच्या छातीत जाते.

नव्वदच्या दशकात मी इचलकरंजीला, तात्यासो मालकांच्या कारखान्यात आलो. माझ्या नशिबी ओठ आले ते चन्नाप्पाचे. नवा होतो तेव्हा त्याच्या बायकोनं, महादेवीनं, मला पदरानं पुसलं होतं. ती त्याच कारखान्यात कांड्या भरायची. तिनं भरलेली कांडी माझ्या पोटात यायची, चन्नाप्पाचा श्वास तिचं टोक ओढून घ्यायचा, आणि मी दोघांचं सूत घेऊन धावत सुटायचो. असा संसार मी कापडात विणत होतो.

कारखान्यात आवाज एवढा, की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नसे. सगळं हातवाऱ्यांवर चाले. अंगठा ओठांशी नेला की चहा. तळहात खाली दाबला की हळू. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा तिथं हातांनीच व्हायची.

काही वर्षांनी मला कळू लागलं, की चन्नाप्पाचा श्वास आखूड होतोय. आधी एका ओढीत सूत यायचं. मग दोनदा ओढावं लागायचं. मग तो माझ्यावर कपाळ टेकून खोकायचा. डॉक्टरनं सांगितलं, "दोन पाळ्या करू नका. एक पाळी सोडा, नाहीतर छाती सोडून देईल." पण मजुरी मीटरवर. एका पाळीच्या मजुरीत भाडं निघायचं, तर चूल राहायची. मजुरी वाढली तरच एक पाळी सुटणार होती. महादेवी कांड्या भरताना गुणगुणायची. तिच्या बोटांतून ते गाणं सुतात उतरायचं आणि माझ्या पोटात यायचं:

कांडी भरीते भरीते, सूत काही सरंना,
माझ्या धन्याच्या छातीत वारा काही ठरंना.

शेवटी चन्नाप्पानं ठरवलं, खंडेनवमीला मालकांना विचारायचं. त्या दिवशी हत्यारांची पूजा, माग बंद, मालक स्वतः हजर. मागांची दुरुस्ती करणारा आकाराम त्याला खुणा करून हसला आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "हातानं खुणा करून माग, लेका! बोललास तर गाव गोळा हुईल, खुणेला काय पैसं पडत्यात?"

चन्नाप्पा आठवडाभर सराव करत होता. मला हातात धरायचा आणि चालत्या मागांच्या गदारोळात म्हणायचा, "मालक, तेवढी मजुरी वाढवा की." त्याला वाटायचं, आपण किती नरमाईनं बोलतोय. मित्रांनो, त्या आवाजाला भेदून जावं एवढ्या जोरानं तो बोलत होता, हे मला ठाऊक होतं. पण धोट्याला कुठं तोंड असतं?

खंडेनवमी आली. माग पुसून झाले, झेंडूची तोरणं चढली. आम्हा धोट्यांना पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. तात्यासो मालकांचे नवे व्याही सांगलीहून आले होते. ते खुर्चीवर पेढा खात बसले होते. सगळीकडं अशी शांतता, की पत्र्यावरच्या कबुतरांची नखं वाजलेली ऐकू यावीत.

चन्नाप्पा पुढं झाला, हात जोडून वाकला, आणि बोलला.

"मालक! तेवढी मजुरी वाढवा की!"

पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. व्याह्यांच्या हातातला पेढा तिथंच थांबला.

"कुणावर वरडतोयस रं?" मालक म्हणाले.

चन्नाप्पाला ते ऐकूच गेलं नाही. आपलंच बोलणं पोचलं नसेल असं वाटून तो आणखी वाकला, आणि आणखी मोठ्यानं म्हणाला, "मजुरी वाढवा, मालक! छाती कापसानं भरलीय माझी!"

"पाव्हण्यांच्या म्होरं दम देतोस व्हय?" मालकांचा चेहरा लालबुंद झाला. आकाराम चन्नाप्पाचा सदरा ओढत होता. तेवढ्यात महादेवी बायकांतून धावत आली आणि नवऱ्यासमोर तळहात खाली दाबला. हळू.

चन्नाप्पानं तो हात पाहिला. मग सगळ्यांची तोंडं पाहिली. त्याचे जोडलेले हात सुटले.

"मालक, ह्ये भांडत न्हाईत," महादेवी म्हणाली. "तुमच्या मागांनी ह्येंचं कान नेल्यात. ह्येंना वाटतंय, हळूच बोलायलोय."

मालक पाटाकडं बघत राहिले. व्याही खाकरले. मग मालक हलक्या आवाजात म्हणाले, "तू ये दसऱ्यानंतर कांड्या भराय. त्याला आणू नगंस."

दसऱ्यानंतर माझ्या भोकाला दुसरे ओठ लागले. तरणे, दमदार. सूत एका ओढीत यायचं. महादेवीच्या कांड्या येत राहिल्या, पण त्यांत गाणं नव्हतं.

पुढं धोट्याशिवाय चालणारे माग आले. आम्हाला पोत्यात भरून बंबात जळण म्हणून घालायला देणार होते. महादेवीनं त्या पोत्यातून मला ओळखून काढलं आणि पदराखाली घरी नेलं. चन्नाप्पा उंबऱ्याला टेकून बसला होता. त्यानं मला हातात घेतलं, सवयीनं भोकाला ओठ लावले आणि श्वास ओढला. पोटात कांडी नव्हती, सूत नव्हतं. नुसती बारीक शीळ वाजली. ती त्याला ऐकू आली नाही. महादेवीला आली, आणि ती चुलीकडं तोंड करून बसली.

आता मी त्यांच्या घरच्या भिंतीतल्या देवळीत असतो. दर खंडेनवमीला चन्नाप्पा मला पाटावर घेतो, हळदकुंकू लावतो, आणि धापा टाकत हात जोडतो. लाकडाच्या तुकड्यापुढं जोडलेले ते हात मला बघवत नाहीत.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण हळद बोटाला लावण्याआधी, त्या यंत्राला श्वास कोण देतं ते मागं वळून बघा. आणि कुणी तुमच्यापुढं मोठ्यानं काही मागितलं, तर लगेच कानांवर हात ठेवू नका. जवळ जा. कदाचित तो आयुष्यभर आवाजात उभा राहिलेला असेल, आणि त्याच्या मते तो फार हळू, फार नम्रपणे, विनवणी करत असेल.